पुण्यात मेट्रोची एक लाईन उभी राहायला एवढी वर्षं का लागतात? कागदापासून रुळापर्यंतची पूर्ण स्टोरी

२९ सप्टेंबर २०२४. पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला. खरं तर उद्घाटन तीन दिवस आधीच, २६ तारखेला व्हायचं होतं. मांडव पडला, बंदोबस्त लागला आणि नेमका पाऊस असा कोसळला की पंतप्रधानांचा पुणे दौराच रद्द करावा लागला. शेवटी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून झेंडा दाखवला गेला आणि पिंपरी-चिंचवडहून बसलेला माणूस पहिल्यांदाच थेट स्वारगेटला उतरला.

या मार्गाचं भूमिपूजन झालं होतं २४ डिसेंबर २०१६ ला. म्हणजे पावणेआठ वर्षं. आणि दिल्ली मेट्रोने पुण्याचा पहिला सविस्तर प्रकल्प अहवाल दिला होता २००९ मध्ये, तिथून मोजलं तर पंधरा वर्षं. तेव्हा पहिलीला असलेलं पोरगं मेट्रो पूर्ण होईपर्यंत कॉलेज संपवायला आलं होतं.

आता 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' असं म्हणून विषय संपवता येतो. पण खांब उभे करणं हे या कामातलं त्यातल्या त्यात सोपं प्रकरण असतं. वेळ जातो तो वेगळ्याच ठिकाणी.

सुरुवात कागदापासून

मेट्रोचा जन्म डीपीआरमध्ये होतो. डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल. कुठून कुठे लोक जातात, मार्ग कुठला, स्टेशनं किती, कारशेडला जागा कुठे, खर्च किती, तिकीट किती आणि रोज किती प्रवासी बसतील हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. हा अहवाल आधी महापालिका, मग राज्य सरकार, मग केंद्रातलं गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालय आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळ अशा पायऱ्या चढतो. कुठल्याही पायरीवर मार्ग बदलला की आकडे बदलतात आणि फाईल परत खाली येते.

पुण्यात नेमकं हेच झालं. मेट्रो जमिनीवरून न्यायची की जमिनीखालून, यावर शहरात अनेक वर्षं वाद चालला. भुयारी हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दा होता की अरुंद रस्त्यांवर खांब टाकले तर शहराचा चेहराच जाईल. उन्नत हवी म्हणणारे खर्चाकडे बोट दाखवायचे. जंगली महाराज रस्त्यावरून मार्ग न्यावा तर बाजूला पाताळेश्वर लेणी. संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम करायला कायद्याने मनाई आहे. मग मार्ग मुठेच्या पात्राकडे वळवला. नदीत खांब दिसणार म्हटल्यावर पर्यावरणवाले हरित लवादात गेले आणि त्या टप्प्याच्या कामाला २०१७ च्या सुरुवातीला स्थगिती मिळाली. पुढे ती उठली, पण वेळ गेला तो गेलाच.

दुसऱ्या टोकाला, नगर रस्त्यावर असाच किस्सा. तिथे आडवा आला आगाखान पॅलेस. मग मार्ग कल्याणीनगरमधून फिरवला, तर तिथल्या रहिवाशांनी डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचं काय करणार म्हणून विरोध केला. एक वारसा वाचवायला मार्ग हलवायचा आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, ही जुन्या शहरातल्या मेट्रोची कायमची पंचाईत आहे.

या सगळ्या घोळात नागपूरची मेट्रो पुढे निघून गेली. तिला ऑगस्ट २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, पुण्याला ७ डिसेंबर २०१६ ला. जानेवारी २०१७ मध्ये नागपूर मेट्रोच्या कंपनीचंच रूपांतर महामेट्रोत झालं आणि पुण्याचं कामही तिच्याकडे आलं. केंद्र आणि राज्य यांची यात निम्मी-निम्मी भागीदारी आहे. थोडक्यात, पुण्याची मेट्रो बांधणाऱ्या कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे. यावर पुणेकर काय म्हणतात ते इथे लिहायला नको.

पैसे कुणाचे?

पहिल्या टप्प्यात दोन मार्गिका होत्या. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी, मिळून ३१ किलोमीटरच्या थोडं वर. मंजूर खर्च ११,४२० कोटी. म्हणजे किलोमीटरला साधारण ३६५ कोटी.

यातला अर्ध्याहून जास्त पैसा कर्जाचा. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने ६० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडी या संस्थेने २४.५ कोटी युरो द्यायचं कबूल केलं. उरलेला भार केंद्र, राज्य आणि दोन्ही महापालिका यांच्यावर. महापालिकांचा वाटा बराचसा जमिनीच्या रूपात. आणि थोडा भार थेट तुमच्या खिशावरही आहे. एप्रिल २०२२ पासून पुण्यात फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्कावर जो एक टक्का मेट्रो सेस लागतो, तो याचसाठी. मेट्रोत कधी पाऊल न टाकलेला माणूसही फ्लॅटच्या खरेदीखतावर सही करताना मेट्रोला पैसे देऊन येतो.

भुयारी आणि उन्नत मार्गाच्या खर्चात फरक किती असतो, हे नंतर मंजूर झालेल्या दोन मार्गांवरून कळतं. पिंपरी-चिंचवड ते निगडी हा ४.४ किलोमीटरचा मार्ग पूर्ण उन्नत, खर्च ९१० कोटी. किलोमीटरला दोनशे कोटींच्या आसपास. स्वारगेट ते कात्रज हा ५.४६ किलोमीटरचा मार्ग पूर्ण भुयारी, खर्च २,९५४ कोटी. किलोमीटरला ५४० कोटी. अर्थात हे दोन्ही जुन्या लाईनला जोडलेले तुकडे आहेत, तिथे नवीन कारशेड उभारायची गरज नसते, त्यामुळे कोऱ्या लाईनशी यांची तुलना करून चालत नाही. पण 'सगळी मेट्रो जमिनीखालून का नाही नेली?' या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पत्रे लागतात तेव्हा आत काय चालू असतं?

लोकांना मेट्रोचं काम कळतं ते रस्त्याच्या मधोमध पत्रे लागल्यावर. आणि सगळ्यात जास्त वैताग इथेच होतो, कारण महिनोन्‌महिने आत काहीच होत नाहीये असं वाटतं.

आत चाललेलं असतं युटिलिटी शिफ्टिंग. म्हणजे रस्त्याखालच्या पाण्याच्या लाईन, ड्रेनेज, विजेच्या केबल, गॅस, टेलिफोन, इंटरनेट हे सगळं बाजूला सरकवणं. मोठी अडचण ही की भारतातल्या जुन्या शहरांत जमिनीखाली नक्की काय कुठे आहे, याचा धड नकाशा नसतो. नकाशात पाईप डावीकडे दाखवलेला असतो आणि खोदलं की उजवीकडे निघतो. चुकून फुटला तर अख्ख्या पेठेचं पाणी बंद. म्हणून आधी चाचणी खड्डे घेऊन हाताने खोदून बघतात, मग मशीन लावतात.

त्यानंतर खांबाचा पाया. पुण्याखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. पाया घ्यायला तो भक्कम, पण फोडायला तितकाच चिवट. जमिनीत खोल भोक पाडून त्यात लोखंडी सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि काँक्रीट ओततात, त्याला पाईल म्हणतात. अशा काही पाईल एकत्र बांधून त्यावर टोपी, टोपीवर खांब आणि खांबावर पसरट माथा.

वरचा पूल मात्र जागेवर बनत नाही. त्याचे तुकडे, म्हणजे सेगमेंट, शहराबाहेरच्या यार्डात ओतले जातात. ते रात्री ट्रेलरवरून आणायचे आणि लाँचिंग गर्डर नावाच्या भल्यामोठ्या लोखंडी सांगाड्याने उचलून एकाला एक लावायचे. एका गाळ्यातले सगळे तुकडे टांगून झाले की त्यांच्या आतून पोलादी तारा ओवून प्रचंड ताणाने आवळतात. त्या ताणावरच पूल उभा राहतो. एकदा हे चक्र बसलं की दोन खांबांमधला गाळा काही दिवसांत पूर्ण होतो. म्हणूनच 'दोन वर्षं काही नाही आणि दोन महिन्यांत पूल' असा अनुभव येतो.

ते पत्रे नुसती अडचण म्हणून लावलेले नसतात हेही लक्षात घ्यायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये बंगळुरूत नागवारा भागात मेट्रोच्या खांबासाठी उभा केलेला सळ्यांचा पिंजरा रस्त्यावर कोसळला आणि दुचाकीवरून जाणाऱ्या आई आणि तिच्या लहान मुलाचा जीव गेला. वाहत्या रस्त्यावर काम करणं म्हणजे काय, ते या एका घटनेत कळतं.

पेठांच्या पोटात

शिवाजीनगर ते स्वारगेट या भागात रस्तेच इतके चिंचोळे की खांब टाकायचा विचारही शक्य नव्हता. म्हणून इथे भुयार आलं. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही पाच स्टेशनं जमिनीखाली आहेत.

भुयार खोदायला टनेल बोअरिंग मशीन वापरली, टीबीएम. पुण्यातल्या मशीनना नावं दिली होती मुळा, मुठा आणि पवना. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानात मोठा खड्डा घेऊन तिथून एका बाजूने आणि स्वारगेटकडून दुसऱ्या बाजूने ही मशीन आत सोडली. पुढचं फिरतं पातं खडक किसतं, चुरा पट्ट्यावरून मागे जातो आणि मशीनच्या पाठोपाठ काँक्रीटच्या कड्या बसत जातात. येणारी आणि जाणारी लाईन वेगळी, त्यामुळे सहा किलोमीटरच्या मार्गासाठी बारा किलोमीटर खोदावं लागलं. मुठा नदी या भुयाराच्या डोक्यावरून वाहते. मुठा नावाच्या मशीनने मुठेखालून जावं, हा योगायोग पुणेकरांना आवडला नसता तरच नवल.

खरी धास्ती होती वरच्या वाड्यांची. माती-विटांच्या भिंती, लाकडी खांब, कुठे आधीच गेलेले तडे. अशा ठिकाणी वरच्या इमारतींवर मोजमापाची यंत्रं बसवून जमीन किती मिलिमीटर हलली याची सतत नोंद ठेवावी लागते. भुयार खोदताना एक वेळ चालून जातं, कारण ते खोल असतं. स्टेशन मात्र वर उघडावंच लागतं, जिना आणि लिफ्टला जागा लागते. त्यामुळे कसब्यात काही कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडावी लागली. शिवाजीनगरच्या कामगार पुतळा आणि राजीव गांधीनगर वस्त्यांमधल्या लोकांना विमाननगर आणि हडपसरला पाठवण्यात आलं. घर पक्कं मिळालं, पण जवळची धुणी-भांड्याची कामं, पोरांची शाळा, भाजीचा गाडा हे सगळं कित्येक किलोमीटर मागे राहिलं. मेट्रोच्या खर्चाच्या कुठल्याच रकान्यात हे दिसत नाही.

खोदताना इतिहासही वर आला. स्वारगेटला पाणी वाहून नेणारं जुनं भुयार सापडलं. मंडईत हत्तीसारख्या मोठ्या प्राण्याची हाडं निघाली. मग काम थांबवून तज्ज्ञांना बोलवा, पाहणी करा, नोंद घ्या.

जिल्हा न्यायालयाचं स्टेशन ३३ मीटर खोल आहे, म्हणजे दहा मजली इमारत उलटी करून पुरल्यासारखं. तिथे वरून नैसर्गिक उजेड थेट खालपर्यंत येईल अशी रचना केली आहे.

गणपती, लकडी पूल आणि मेट्रो

२०२१ मध्ये काम थांबलं ते एका अस्सल पुणेरी कारणाने. डेक्कनजवळ मेट्रोचा पूल लकडी पुलाला, म्हणजे संभाजी पुलाला, वरून ओलांडतो. गणेश मंडळांचं म्हणणं पडलं की या उंचीमुळे विसर्जन मिरवणुकीचे मोठे रथ पुलावरून जाणारच नाहीत. इंजिनिअर सांगत होते की खांब उभे राहिले आहेत, आता उंची वाढवायची तर पुढचा-मागचा चढ बदलावा लागेल, खर्च आणि वेळ दोन्ही वाढेल. महापालिकेत वाद झाले, काही महिने काम थांबलं आणि शेवटी त्याच उंचीला, पोलीस बंदोबस्तात पूर्ण केलं.

आता गंमत बघा. २०२५ च्या विसर्जनाच्या दिवशी मेट्रोने साडेपाच लाखांहून जास्त लोक नेले. एरवी रोज दोन लाखांच्या आत-बाहेर प्रवासी असणाऱ्या मेट्रोचा तो विक्रम होता, आणि त्यातले बरेच जण मंडई, कसब्याला गणपती बघायला उतरले.

तुकड्या-तुकड्यांची मेट्रो

रूळ, वीज, सिग्नल झाले तरी लगेच गाडी सुटत नाही. आधी रिकाम्या गाडीच्या चाचण्या, मग मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. हे खातं रेल्वे मंत्रालयाकडे नसतं. ते येतं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली. कारण सोपं आहे, जो गाडी चालवतो त्यानेच ती सुरक्षित असल्याचा दाखला देऊ नये.

पुण्यात ६ मार्च २०२२ ला दोन तुकडे सुरू झाले, वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. लोक सहकुटुंब चक्कर मारायला यायचे, फोटो काढून परत जायचे, आणि 'रिकामी मेट्रो'चे मीम फिरायचे. १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालयाला जोडले गेले, तिथून ऑफिसला जाणारी गर्दी दिसू लागली. मार्च २०२४ मध्ये रामवाडी, सप्टेंबरमध्ये स्वारगेट. अर्धवट लाईनवर बसणारे प्रवासी बघून मेट्रो फसली म्हणणं म्हणजे अर्धा पूल बांधून कुणी ओलांडत नाही म्हणण्यासारखं आहे. पण डीपीआरमधले प्रवाशांचे अंदाज जरा जास्तच गुलाबी असतात, हेही तितकंच खरं. आणि ही सवय देशभरातल्या मेट्रोंना आहे.

हिंजवडीची गोष्ट वेगळी

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका महामेट्रोची नाही. ती पीएमआरडीएची आहे आणि खासगी भागीदारीतून बांधली गेली. २३ किलोमीटर, २३ स्टेशनं, पूर्ण उन्नत, खर्च ८,३१३ कोटी. टाटा आणि सीमेन्स यांच्या कंपनीने बांधायची आणि ३५ वर्षांचा करार संपल्यावर सरकारला परत द्यायची. पहिल्या दोन लाईनला वीज वरच्या तारेतून मिळते, या लाईनला रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून. त्यामुळे एकीकडची गाडी दुसरीकडे धावूच शकत नाही. प्रवाशाने जिल्हा न्यायालयाला उतरून बदलायची.

भूमिपूजन डिसेंबर २०१८ ला झालं, पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२१ चा शेवट उजाडला. मधल्या काळात काय? जमीन. खासगी कंपनी पैसे लावते तेव्हा जागा आधी ताब्यात द्या असा तिचा आग्रह असतो. आणि एक पूल. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २००६ च्या सुमारास बांधला होता. त्याचे खांब असे की मेट्रोला जागाच उरत नव्हती. शेवटी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रस्ते रिकामे असताना तो पाडला. पंधरा वर्षंही न झालेला पूल. त्याच्या जागी खाली गाड्या आणि वर मेट्रो असा दुमजली पूल आला आणि तो होईपर्यंत गणेशखिंड रस्त्याने जे भोगलं ते औंध-बाणेरकरांना विचारा. २००६ मध्ये पूल आखताना कुणी मेट्रोचा विचार केला असता तर हा सगळा खर्च टळला असता. मार्च २०२५ ची मुदत हुकली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कुठे चाचणीची गाडी धावली.

स्टेशनपर्यंत जायचं कसं?

पुणे मेट्रोचं तिकीट सुरुवातीला १० ते ३५ रुपये ठेवलं गेलं. विद्यार्थ्यांना ३० टक्के सूट, शनिवार-रविवारी सगळ्यांनाच. तिकीट परवडतं. अडतं ते घरापासून स्टेशनपर्यंत. तिथे रिक्षावाला साठ रुपये मागत असेल तर माणूस गाडीलाच किक मारतो. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणात स्टेशनच्या ५ किलोमीटर परिघात फीडर बस, पायवाटा, सायकलची सोय असावी असं लिहिलेलं आहे. पण बस पीएमपीची, फूटपाथ महापालिकेचा, स्टेशन महामेट्रोचं. तिघांचं एकत्र बसणं खांब टाकण्याहून अवघड निघालंय.

शिवाजीनगरचं एसटी स्टँड हे त्याचं ठळक उदाहरण. भुयारी स्टेशनसाठी २०१९ च्या अखेरीस ते वाकडेवाडीला हलवलं. हे तात्पुरतं आहे, असं तेव्हा सांगितलं होतं. मेट्रो स्टेशन सुरू होऊन गेलं, तरी नाशिक, संभाजीनगरहून येणारा माणूस पुढची कित्येक वर्षं बॅगा घेऊन वाकडेवाडीलाच उतरत राहिला.

दरम्यान कागदावरची मेट्रो पुढे सरकतेच आहे. जून २०२५ मध्ये वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली हे १२.७५ किलोमीटर मंजूर झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला आणि नळ स्टॉप ते माणिकबाग या मार्गांनाही केंद्राने होकार दिला. आणि स्वारगेट-कात्रजचं भुयार ज्या सातारा रस्त्याखालून जाणार आहे, त्याच रस्त्यावर डिसेंबर २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी बस धावली होती. तिच्यासाठी खोदलेला रस्ता आठवणारे लोक अजून धनकवडीत राहतात. आता पत्रे पुन्हा त्यांच्याच दारात लागणार आहेत.